हिचा दाब जास्त पडला

दादा, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. वहिनी रडली. सदू मुंबईहून आला तो पायरीवरच बसला आणि बापाच्या नावानं हंबरडा फोडला. मी घोंगडी अंथरत राहिले. समाचाराला माणसं येतात, त्यांना टेकायला काहीतरी लागतं. येतात, बसतात, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसतात आणि एकच गोष्ट बोलतात. "बाबू मेस्त्री म्हंजे देवमाणूस. सख्ख्या बहिणीनं डोळा घालवला, पन कधी शब्दानं बोलला न्हाय. वर जन्मभर सांभाळली." असं म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. ती गंगूआत्या तर तीन वेळा येऊन गेली. तिला घरी काही कामच नाही.

देवमाणूस! अरे, मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला, हसू फुटेल म्हणून. शब्दानं बोलला नाहीस हे मात्र खरं. तेच तर माझं गाऱ्हाणं आहे. सात वर्षं मी तुझ्या एका शब्दाची वाट बघितली, आणि तू तो तोंडातच ठेवून गेलास.

दहाव्याला सदू हरिहरेश्वरला जाऊन आला. मी दारातच उभी होते. विचारलं, "कावळा शिवला का रे?" मला वाटलं, चांगले दोन तास ताटकळला असेल. तर म्हणाला, "आत्या, पिंड ठेवला न ठेवला तोच शिवला." वहिनीनं हात जोडले, म्हणाली, सुटले बाई. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे तुझी कसली इच्छा राहिलीच नव्हती! मनात कुठं काही अडकलंच नव्हतं! निदान अर्धा तास तरी थांबवायचा होतास तो कावळा, माझ्यासाठी.

आता तू ऐकणार नाहीस म्हणून बोलते. जिवंतपणी तरी कुठं ऐकत होतास म्हणा.

तो दाब तू आणलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मुंबईच्या गोदीत कुठल्याशा कारखान्यानं भंगारात काढलेलं यंत्र. आगबोट लांब उभी राहिली, आणि ते धूड होडीत उतरवताना खलाशांनी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, असं तूच हसत हसत सांगितलंस. बैलगाडीतून चार माणसांनी उतरवलं. कमरेएवढं बिडाचं यंत्र, पुढं डोकं काढून वाकलेलं. त्या डोक्यातून दात्यांचा एक चौकोनी खांब खाली-वर व्हायचा आणि बाजूला हातभर लांब दांडी. दांडी ओढली की खांब खाली येई आणि खाली जे असेल ते दाबी. बस, एवढंच. वहिनीनं दोन्ही बाजूंनी बघून विचारलं, "उसाचा चरक आहे का?" तू म्हणालास, "हा दाब." यंत्राचं खरं नाव काय ते तुलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आख्ख्या श्रीवर्धनात त्याला दाबच म्हणतात.

गावातले बाकीचे मेस्त्री हसले. लोहाराच्या शाळेत, भाता-ऐरणीच्या जागी, हातोडा असताना हे कशाला, म्हणाले. तू कुणाला उत्तर दिलं नाहीस. इथल्या घराघरात अडकित्ता, सुपारीच्या वाडीवाल्यांच्या कमरेला तर कायमचा. अडकित्त्याच्या दोन पात्यांमधली खीळ हातोड्यानं ठोकली की एका अंगाला घट्ट बसते, दुसऱ्या अंगाला हलते. मग सुपारी कातरली जात नाही, फुटते. तू पहिला अडकित्ता दाबाखाली धरलास, खीळ सरळ आत बसली, आणि दोन्ही पाती एकमेकांवरून अशी सरकली की आवाजसुद्धा झाला नाही. तू सुपारीची एक कातर काढून उन्हाकडे धरलीस. पलीकडचं दिसत होतं. तू ती माझ्या हातावर ठेवलीस, मी तोंडात टाकली आणि तू ओरडलास, "अगं, दाखवायला ठेवायची होती!"

मग तुला त्या दाबाचं वेडच लागलं. म्हशीच्या शिंगाची मूठ हातोड्यानं बसवताना दहातल्या तीन तडकायच्या, दाबाखाली एक तडकेना. सुरीच्या पात्याची शेपटी शिसवी मुठीत आधी ठोकून ठोकून बसवायचास, तरी वर्षभरात मूठ खुळखुळायची. आता ती एका दमात आत जाई. मुठीच्या तोंडाची पितळी शेंबी दाबून बसे. तुझ्या नावाचा छाप, तो 'बा' उमटवायचा खिळा, हातोड्यानं मारला की कधी तिरका, कधी दुहेरी उठायचा. दाबाखाली प्रत्येक 'बा' सारखा. एकदा वहिनीनं खवलेल्या नारळाची पुरचुंडी त्यात धरून मला दांडी ओढायला लावली. नारळाचं दूध असं निघालं म्हणतोस! तू दिवसभर घर डोक्यावर घेतलंस, यंत्राला गंज चढेल म्हणून. आणि रात्री सोलकढीच्या तीन वाट्या मुकाट प्यायलास.

मला तेव्हा माहेरी येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मानमोडीच्या साथीत बोर्लीला माझं कपाळ पांढरं झालं. सासरची माणसं मला परसात निजवत होती. तू गाडी घेऊन आलास, आत न येताच म्हणालास, "बहीण नेतो." कुणाला विचारलं नाहीस, कुणाशी भांडला नाहीस. वाटेत मला म्हणालास, "बाये, भूक लागली असंल, फडक्यात भाकरी हाय." मी ती भाकरी विसरलेले नाही. मला चौथीपर्यंत शाळेतही तूच घातलंस, बाबा नको म्हणत असताना. आज ही अक्षरं लिहिते आहे ती तुझ्यामुळं. हे सगळं मला मान्य आहे. कुणी मला कृतघ्न म्हणू नये म्हणून आधीच सांगून टाकते.

आणि दाबावर तू मला बसवलंस. भात्यावर बसणारी बाई गावानं बघितली होती, पात्याला हात लावणारी नव्हती बघितली. तू म्हणालास, "घणाला जोर लागतो बाये. दाबाला अंदाज लागतो. तो माझ्यापेक्षा तुझ्याकडं बरा हाय." दादा, नवरा गेल्यावर मला कुणी काही चांगलं बोललं असेल तर ते हे. पुढची किती वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. सकाळी चूल आवरली की मी दाबावर. अडकित्त्याची खीळ माझी. मुठी माझ्या. छापसुद्धा माझ्या हातचा, नाव मात्र तुझं. मी त्याबद्दल कुरकुर केली नाही. लोहाराच्या शाळेवर बाईचं नाव कोण टाकणार!

पण तू निदान कबूल करायचं होतंस. वाडीवाले अडकित्ता उघडमीट करून म्हणायचे, "मेस्त्री, खिळीला तुझा हात लागला की काय बघायचं न्हाय." आणि तू मान डोलवायचास. मी चार हातांवर बसलेली, हात काळे झालेले. एकदा तरी म्हणायचं होतंस, हिचा हात आहे. तुझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

पात्याच्या पाण्याचं मी इथं सांगते, कारण लोकांना ते ठाऊक नाही आणि म्हणूनच ते काहीही बोलतात. पातं लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. इतकं कडक की दगडावर पडलं तर काचेसारखं फुटेल. मग ते पुन्हा मंद निखाऱ्यावर धरायचं, कडेला तांबूस-जांभळा रंग येईपर्यंत. त्याला आपण पाणी उतरवणं म्हणतो. तसं केलं की पातं धारही धरतं आणि लवतंही. कडक करताना लांब सुरी हमखास जराशी वाकते. ती सरळ करायची तर पाणी उतरल्यावर, पातं अजून ऊन असताना, दाबाखाली दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवून. आधी नाही. आधी दाबलीस तर मोडलीच.

म्हणून मी प्रत्येक पात्याला विचारायची, "उतरलं?" तू म्हणायचास, "उतरलं." मग मी दांडीला हात घालायची. सुरुवातीला तुला त्याचं कौतुक होतं. पुढं पुढं त्रास व्हायला लागला. "झाली का तुझी आरती?" म्हणायचास. "मी लोहार की तू?" म्हणायचास. लोकांसमोर विचारलं की तुझ्या नाकपुड्या फुगायच्या. पण मी विचारणं सोडलं नाही, आणि उत्तर द्यायचं तूही सोडलं नाहीस. त्या एका दिवसापर्यंत.

त्या दिवशी सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. तालुक्याचे कुणी साहेब अडकित्ता न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "ही खीळ कोण बसवतं?" सरळ प्रश्न होता. साहेबांनी माझ्याकडे बघूनच विचारला. आणि तू म्हणालास, "मीच. ती नुसती दांडी वढते." नुसती दांडी ओढते! मी जेवले नाही दुपारी. वहिनीनं दोनदा हाक मारली.

दुपार टळल्यावर इब्राहीमभाई आले. सुपारीचे व्यापारी, तुझे लहानपणापासूनचे दोस्त. मुलीचा निकाह आठ दिवसांवर आला होता, जेवणावळीसाठी मोठी सुरी हवी होती. मोटारीच्या मोडक्या कमानीचं पोलाद, हातभर लांबीचं पातं. तू ते पाण्यातून काढलंस आणि तेवढ्यात ते आले. तू पातं दगडावर टाकलंस आणि गप्पा मारत बसलास. निकाहाला कोण कोण येणार, बोटीनं कोण, गाडीनं कोण. पान खाल्लंत. मग तुला सुरीची आठवण झाली. सांडशीनं उचललीस, डोळ्यासमोर धरलीस, वाकलेली दिसली. माझ्याकडे केलीस.

मी विचारलं, "उतरलं?"

तू इब्राहीमभाईंकडे बघून डोळा मिचकावलास. म्हणालास, "हिला वाटतं लोहार हीच. विचारायचं न्हाय. दाब म्हटलं की दाबायचं."

मी पातं ठोकळ्यांवर ठेवलं. तू पलीकडून वाकलास, वाक कुठं आहे ते बघायला, डोळा अगदी पात्याच्या रेषेत. मी दांडी ओढली.

मोडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. तू हात डोळ्यावर धरलास आणि खाली बसलास. बोटांतून रक्त आलं. इब्राहीमभाईंनी त्यांचा रुमाल तुझ्या तोंडावर दाबला. ओळीतली घरं धावत आली. आणि त्या सगळ्यांसमोर, अजून रक्त वाहत असताना, तू जे पहिलं वाक्य बोललास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आई गं म्हणाला नाहीस, देवाचं नाव घेतलं नाहीस. म्हणालास, "हिचा दाब जास्त पडला."

चार शब्द. संध्याकाळपर्यंत बाजारात पोचले, दुसऱ्या दिवशी बोर्लीला माझ्या सासरी. सासू म्हणाली म्हणे, आधी नवरा खाल्ला, आता भावाचा डोळा.

डोळा गेला. तू दीड महिना अंथरुणावर होतास. मी तुझी पट्टी बदलत होते, लोणी-भात भरवत होते, आणि प्रत्येक घासाला मनात म्हणत होते, आता सांगेल. आता बरा झाला, की लोकांना बोलावून सांगेल, पाणी उतरवायचं मी विसरलो होतो. तू बरा झालास. शाळा उघडलीस. पहिल्याच दिवशी एक वाडीवाला म्हणाला, "मेस्त्री, बाईच्या हातचं नको हां." आणि तू म्हणालास, "न्हाय न्हाय, मीच करतो आता." दुसऱ्या दिवशी चार माणसं लावून दाब आतल्या माजघरात नेऊन ठेवलास. बाहेर तू गिऱ्हाइकाशी बोलायचास, मधल्या दारातून पातं आत द्यायचास, मी खीळ बसवून परत द्यायची. दार लगेच लोटायचं. सात वर्षं मी अंधारात खिळी दाबल्या, दादा. एका डोळ्यानं तुला निखाऱ्यावरचा रंग नीट दिसेना, तोसुद्धा तुझ्यासाठी मीच दाराच्या फटीतून बघत होते. जांभळं आलं की आतून खाकरायचं, असं ठरलं होतं आपलं. बाहेर लोक म्हणायचे, एक डोळा गेला तरी मेस्त्रीची नजर बघा!

मी भांडले नाही असं नाही. एकदा जेवताना मी ताटावरून उठले होते. म्हटलं, "सांग ना रे लोकांना. एकदा सांग, पाणी उतरलेलं नव्हतं." वहिनी वाढता वाढता थांबली. तू घास खाली ठेवलास आणि म्हणालास, "लोहाराला पाणी कळलं न्हाय असं गावात झालं की भाता बंद. मग खायचं काय? तुझ्यावर आलं तर तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय! कुंकू गेलं होतं, घर गेलं होतं. लग्नकार्यात मला मागच्या दारी बसवत होते. हात तेवढा राहिला होता माझ्याकडे. चांगला हात. तो तू उचललास आणि स्वतःची अब्रू झाकायला वापरलास. मी तेव्हा एवढं सगळं बोलले नाही. नुसतं म्हटलं, "बरं." आणि भांडी घासायला गेले. ते भांडण तिथंच पडलं आहे. त्यानंतर आपण मिठा-पिठाचं बोललो, कामाचं बोललो, त्या गोष्टीचं पुन्हा कधी नाही.

शेवटच्या महिन्यात तुला दम लागायला लागला. वहिनी पाठ शेकायची, सकाळी तिला कामं असायची म्हणून मी उशाशी बसायची. मला वाटायचं, आता बोलेल. माणूस जाताना बोलतो. आपण दोघंच असू, मला सांगितलं तरी पुरे, बाये, चूक माझी. लोकांना नको सांगूस म्हटलंस तरी चालेल. एक दिवस तू खुणेनं मला जवळ बोलावलंस. मी कान अगदी तुझ्या तोंडाशी नेला. तू म्हणालास, "दाबाच्या दात्यांना तेल घालत जा. खाऱ्या हवेनं धरतील." आणि डोळा मिटलास. चार दिवसांनी गेलास. तेल घातलंय मी. काळजी करू नकोस.

काल दुपारी इब्राहीमभाई आले. म्हातारे झालेत आता. ओसरीवर बसले नाहीत, मागच्या दारी आले, जिथं मी भांडी घासत होते. पायरीवर टेकले. बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बहिणी, एक बोजा हाय माझ्यावर. त्या दिवशी तू विचारलंस त्ये मी ऐकलं होतं. मेस्त्री काय बोलला त्येबी ऐकलं. चूक त्याची होती. मी त्याला दवाखान्यातच बोललो, अरे, लोकांना सांग. त्यानं माझा हात धरून शपथ घातली. म्हणाला, तू तोंड उघडलंस तर माझी शाळा बंद. मी गप बसलो. खुदा मला माफ करो. आता तो मरहूम झाला, शपथ संपली. उद्या तेरावं. सगळी माणसं जमतील. मी उभा ऱ्हातो आणि सांगतो. तू नुसती हो म्हण."

बघ दादा. तू गप्प बसलास एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या तोंडालाही तू कुलूप लावून ठेवलं होतंस हे मला काल कळलं. माझ्या हातातली परात तशीच राहिली. सात वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होते तो चालत मागच्या दारी आला होता. तुझ्या तोंडून नाही, पण आला होता. उद्या सगळ्या गावासमोर, गंगूआत्यासमोर, बोर्लीच्या माणसांसमोर. आणि खरं बोलणारा माणूस, कुणी खोटं म्हणणार नाही असा.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि शब्द निघेना.

का निघेना ते तुला सांगते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, देवालासुद्धा नाही. त्या दिवशी तू पातं सांडशीनं दिलंस. मी हातानं घेतलं. ते गार होतं.

पाणी उतरलेलं पातं ऊन असतं. मी हजार पाती हातात घेतली असतील, फडक्यातून घ्यायची, चटका बसायचा. हे गार होतं, दगडासारखं गार. मला बघायची गरज नव्हती, विचारायची गरज नव्हती. मला कळलं होतं. "दादा, हे गार आहे," एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण तू डोळा मिचकावला होतास. सकाळी म्हणाला होतास, नुसती दांडी ओढते. मला वाटलं, मोडू दे. इब्राहीमभाईंसमोरच मोडू दे. एकदा फजिती होऊ दे मोठ्या लोहाराची. म्हणून मी दांडी ओढली, दादा. दाब जास्त पडला नव्हता. जेवढा हवा तेवढाच टाकला मी. तुझा डोळा तिथं होता हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. आईशपथ नव्हतं.

मी हे सगळं काल इब्राहीमभाईंना सांगितलं. भांडी घासता घासता, त्यांच्याकडे न बघता. सांगून झालं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बहिणी, ह्ये मी कशाला ऐकलं?" टोपी पुन्हा काढली. "मग मी उद्या काय सांगू?"

मी म्हटलं, "काही सांगू नका. अर्धं सांगायचं तर नकोच." ते उठले. फाटकापर्यंत गेले आणि एकदा वळून बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

रात्रभर डोळा लागला नाही. एकच विचार. तू लोहार. त्या पोलादात तुझं आयुष्य गेलं. सांडशीनं दिलंस आणि मी उघड्या हातानं घेतलं, हे तू बघत होतास. दीड महिना अंथरुणावर पडून तुला दुसरं काय काम होतं? पातं गार असणार, हिच्या हाताला लागलं असणार, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल असं कसं म्हणू? आलंच असेल. मग तू काय केलंस? 'दाब जास्त पडला' एवढंच राहू दिलंस. चूक झाली बिचारीच्या हातून, एवढंच. हिनं दांडी जाणूनबुजून ओढली असं एकदाही म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मला या गावात एक दिवस राहता आलं नसतं.

पण तसं असेल तर तू खरोखरच देवमाणूस ठरतोस, आणि ते मला मान्य नाही. मला ते पचतच नाही. तसं नसेल, तुला काही कळलंच नसेल, तर तू भित्रा होतास, आणि मग मी तुझ्यावर रागावायला मोकळी. सात वर्षं मी मोकळीच होते. काल दुपारपासून ते मोकळेपण गेलं. कोणत्या दादासाठी रडायचं ते मला कळत नाही, म्हणून मी अजून रडलेले नाही.

आज सकाळपासून लोक जमायला लागलेत. वहिनी हाका मारते आहे, केळीची पानं पुसायची आहेत. गंगूआत्या पुढं येऊन बसली असणार. ती म्हणेल ते म्हणेल, मी ऐकून घेईन.

पण तू मला एकदा विचारायचं होतंस रे. आपण दोघंच असताना, सकाळी उशाशी. रागानं नको, नुसतं. "बाये, हाताला गार लागलं न्हाय का तुला?" एवढंच. मी हो म्हटलं असतं, दादा. तू विचारलंस तर हो म्हणायचं, हे मी सात वर्षं ठरवून बसले होते.